रोमन अत्तरकुपी की चिनी तपकिरीची कुपी: नव्या संग्राहकाने काय निवडावे?

जुन्या कुप्यांचा संग्रह सुरू करू पाहणाऱ्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. पहिली वाट रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत फुंकून घडवलेल्या काचेच्या कुप्यांची, आणि दुसरी चीनमधील चिंग राजवटीच्या (1644–1912) तपकिरीच्या, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीच्या, कुप्यांची. दोन्ही तळहातावर मावतात, दोन्हींना घरातले एक बंद कपाट पुरते, आणि दोन्हींमध्ये अगदी साध्या नमुन्यापासून मोठ्या संग्रहालयात शोभेल अशा नमुन्यापर्यंत सर्व दर्जांच्या कुप्या बाजारात येतात. फरक आहे तो त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या कशा, यात. रोमन कुपी बहुतांशी थडग्यातून निघालेली असते. चिनी कुपी मात्र कुणाच्या तरी बाहीत किंवा कमरेच्या पिशवीत वावरलेली असते आणि हातोहात पुढे आलेली असते. त्यामुळे रोमन कुपी घेताना आधी कागद तपासावे लागतात आणि चिनी कुपी घेताना आधी कारागिरी. आपल्याकडे यांपैकी कशाची सोय आहे, यावर निवड ठरवावी असे माझे मत आहे.

रोमन कुपीची पहिली जमेची बाजू म्हणजे तिची किंमत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात नळीने काच फुंकण्याची युक्ती सापडली. त्याआधी मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळून, ती थंड झाल्यावर आतला गाभा खरवडून काढावा लागे. फुंकण्याच्या तंत्राने हे वेळखाऊ काम काही क्षणांवर आले, काच सामान्य घरांत पोहोचली आणि सुगंधी तेलाच्या छोट्या कुप्या अमाप संख्येने तयार झाल्या. मृतासोबत त्या पुरल्या जात असल्याने अखंडही राहिल्या. म्हणूनच साधी, नळीसारखी, बोटभर उंचीची कुपी परदेशातील लहान लिलावांत आजही शंभर-दोनशे पौंडांच्या आसपास मिळू शकते. या कुप्यांना ‘अश्रुपात्रे’ म्हणून विकण्याची प्रथा पडली. शोक करणारे त्यांत आसवे गोळा करीत, अशी ती कथा. तिला आधार नाही, त्यांत तेले आणि प्रसाधने असत. आजही ही कथा रंगवून सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याचे बाकीचे बोलणेही जपूनच ऐकावे.

खरी कुपी भिंगाखाली पाहण्यात मोठा आनंद आहे. मानेतील हवेचे बुडबुडे काच ओढल्याच्या दिशेने लांबट झालेले असतात, पोटातील मात्र गोलसर राहतात. ओठाची कडा बहुधा आत किंवा बाहेर दुमडलेली असते. जमिनीतील ओलाव्याने काचेतील क्षार हळूहळू निघून जातात आणि पृष्ठभागावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे अतिशय पातळ थर सुटू लागतात. त्यांवर प्रकाश पडला की मोरपंखी, जांभळी, सोनेरी झाक दिसते. ग्राहक याच झाकेला भुलतो, म्हणून नकली माल करणारेही तिच्यावरच मेहनत घेतात. रसायनाने किंवा रंगाच्या फवाऱ्याने आणलेली झाक सर्वत्र एकसारखी दिसते, खऱ्या झाकेत मात्र कुठे थर जाड, कुठे उडालेला आणि खाली काच खड्डे पडून खडबडीत झालेली, असा विस्कळीतपणा असतो. आतली मातीही पाहावी. डिंकाने चिकटवलेली माती ओलसर कापसाने चोळल्यावर वेगळीच वागते.

मात्र रोमन कुपीच्या बाबतीत खरे-खोटे ओळखता आले म्हणजे काम संपले, असे नाही. खोटी कुपी घेतली तर पैसे जातात. खरी पण लुटीची कुपी घेतली तर पैशांबरोबर कायद्याचा ससेमिराही मागे लागतो. ज्या प्रदेशांतून या कुप्या येतात, तेथे चोरटे उत्खनन ही जुनी आणि अजून चालू असलेली व्यथा आहे. 15 मार्च 2011 नंतर सिरियातून बेकायदा बाहेर गेलेल्या पुरावस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2015 मध्ये बंदी घातली. युनेस्कोचा पुरावस्तूंविषयीचा करार 1970 चा असल्याने, त्या वर्षाआधी कुपी मूळ देशाबाहेर आल्याचा पुरावा असणे हा आज चांगल्या खरेदीचा निकष मानला जातो. यादीत ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढेच लिहिलेले असेल तर तो पुरावा नव्हे. जुन्या लिलावाच्या सूचीतील पान, तारीख असलेली पावती, संग्रहाचे जुने छायाचित्र यांपैकी काहीतरी हवे. स्वस्त कुप्यांच्या बाबतीत असे कागद क्वचितच जपलेले असतात आणि जिथे असतात तिथे किंमत चढते. म्हणजे वर सांगितलेला स्वस्ताईचा फायदा बराचसा इथेच खर्ची पडतो.

चिनी तपकिरीच्या कुपीचा जन्म एका सवयीतून झाला. तपकीर युरोपियनांनी नेली, चीनमध्ये ती औषधी मानली गेली आणि दरबारात रुळली. दमट हवेत युरोपीय डबीतली पूड गोळे धरी, म्हणून बुचाची छोटी बाटली पुढे आली. बुचाला आतून चिमुकला चमचा जोडलेला असे. कांग्शी सम्राटाने 1696 मध्ये राजवाड्याचा काचकारखाना किलियन स्टुम्प्फ या जर्मन जेझुइट धर्मप्रचारकाच्या देखरेखीखाली सुरू केला आणि पुढील दोन शतकांत काच, अकीक, जेड, पोर्सलीन, धातूवरील मीनाकाम अशा नाना माध्यमांत या कुप्या घडल्या.

येथे डोळ्याला शिकण्यासारखे फार आहे. अकीकाची कुपी हातात घेतल्यावर ती दिसते त्यापेक्षा हलकी लागली पाहिजे, कारण कसबी कारागीर पेन्सिलीएवढ्या तोंडातून वाकडी हत्यारे घालून खांद्यापर्यंतचा दगड आतून कोरून काढीत असे. काही कुप्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की त्या पाण्यावर तरंगतात. घाईच्या कामात मात्र आत नुसते सरळ भोक पाडलेले असते, आणि उजेडासमोर धरताच खांद्यांचा जाडपणा लगेच उघडा पडतो. दुरंगी काचेच्या कुपीत वरचा थर कोरून नक्षी उठवलेली असते. तिच्या कडा धारदार आणि पायथ्याशी स्वच्छ हव्यात. साच्यात ओतलेल्या नकलेत त्या बोथट असतात, कधी बाजूला साच्याची शिवणही दिसते. तळावरच्या मुद्रेवर मात्र विसंबू नये. ‘छ्येनलुंग’ सम्राटाच्या (1736–1795) काळाची मुद्रा नंतरच्या कारागिरांनी सर्रास उठवली आहे.

आतून रंगवलेल्या कुप्या हा नवख्यांचा आवडता प्रकार. काच आतून घासून खरखरीत करायची आणि टोक वाकवलेल्या बारीक कुंचल्याने उलट्या क्रमाने चित्र काढायचे, असे हे काम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेकिंगमध्ये (आजचे बीजिंग) चौ लयुआन आणि मा शाओश्वान (1867–1939) यांनी ते शिखरावर नेले. मा तर व्यक्तिचित्रांसाठी प्रसिद्ध होता. साहजिकच त्याच्या सहीच्या नकला उदंड आहेत. शिवाय चिनी कालगणनेतील वर्षनाम दर साठ वर्षांनी फिरून येते, त्यामुळे एकच नाव 1843, 1903 आणि 1963 या तिन्ही वर्षांना लागू पडते. विक्रेता त्यातले सोयीचे वर्ष सांगतो.

भारतात राहणाऱ्यासाठी कायद्याची बाजू दोन्हींना सारखी लागू नाही. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते, आणि ती भारतीयच असावी असे त्या व्याख्येत म्हटलेले नाही. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही व तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. म्हणजे रोमन कुपी एकदा मुंबईत आली की लंडनच्या लिलावात परत पाठवून पैसे मोकळे करण्याचा बेत सोडावा लागेल. चिनी कुप्यांमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावरील उत्तम काम उपलब्ध असल्याने हे बंधन बऱ्याच अंशी टाळता येते. तिथे दुसरा खड्डा आहे: हस्तिदंत. कुपी काचेची असली तरी चमचा हस्तिदंती असू शकतो, आणि भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. चमचा कशाचा आहे हे लेखी विचारावे. तेर किंवा पैठणच्या शेतातून निघालेली ‘रोमन’ कुपी कुणी दाखवली, तर भावही विचारू नये. जमिनीत सापडलेल्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन 1878 पासूनच्या निखात निधी कायद्यात आहे.

देखभालीत दोघींचे एकच पथ्य: पाण्याने धुणे वर्ज्य. रोमन कुपी धुतली तर झाकेचे थर निघून जातात, आणि आतून रंगवलेल्या कुपीत पाणी ओतले तर चित्रच वाहून जाते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात रोमन काच अधिक नाजूक ठरते. बंद कपाट आणि सिलिका जेल यांवाचून ती ठेवूच नये.

माझा कौल असा: पुणे, मुंबई, नागपूर येथे राहून मर्यादित पैशांत सुरुवात करणाऱ्याने चिनी कुपी घ्यावी, आणि तीही मोठी सही नसलेली, दुरंगी काचेची किंवा अकीकाची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटांच्या संग्रहातले चिनी जेड आणि पोर्सलीन सावकाश पाहून मग खरेदीला लागावे. ब्रिटन-अमेरिकेत स्थायिक असलेल्या, जुने संग्रह मोडले जातात तेव्हा लिलावाला जाऊ शकणाऱ्या आणि कागद चाळण्याचा कंटाळा नसलेल्या मराठी वाचकाने खुशाल रोमन काच घ्यावी. त्याला ती अधिक समाधान देईल. आणि दोन्हींपैकी कशावरच मन बसत नसेल, तर हिरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये पेटंट घेतलेली गोटी सोड्याची बाटली आहेच. गोटीसाठी पोरांनी असंख्य बाटल्या फोडल्याने जुन्या, कंपनीचे नाव उठावात असलेल्या बाटल्या आता सहज मिळत नाहीत, पण साच्याची शिवण, बुडबुडे आणि झीज ओळखायला शिकण्यासाठी त्याहून स्वस्त वस्तू नाही. फक्त गडद निळी बाटली दिसली तर थांबावे, कारण त्या रंगाला भाव जास्त आणि नकलाही त्याच रंगाच्या जास्त.