एकच दिवस आहे: गेर्निकाकडे वळायचं की सुमायाकडे?

उत्तर स्पेनमध्ये बिल्बाओ किंवा सान सेबास्तियानला मुक्काम असला की एक दिवस बास्क किनाऱ्यावरच्या गावांसाठी निघतोच. प्रश्न असतो दिशेचा. या दोन शहरांमधल्या पट्ट्यात पश्चिमेकडे गास्तेलुगाचे, बेर्मेओ, मुंडाका आणि जरा आत गेर्निका. पूर्वेकडे सारौत्स, गेतारिया, सुमाया. दोन्ही बाजू एका दिवसात दाखवतो म्हणणाऱ्या सहलींच्या नादी लागू नका. दिवसभर गाडीतच बसाल.

बिल्बाओला उतरलात तर पहिली वाट, सान सेबास्तियानला उतरलात तर दुसरी, हे झालं सोयीचं उत्तर. पण मला विचाराल तर निर्णय दोनच गोष्टींवर घ्यावा: तुमचे गुडघे आणि गेर्निकाला किती वेळ द्यायची तयारी आहे.

गास्तेलुगाचेचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. समुद्रात घुसलेला खडक, त्याला जोडणारा दगडी पूल, वळणावळणाने वर जाणाऱ्या 241 पायऱ्या आणि माथ्यावर सान हुआनचं छोटंसं चॅपल. वर पोचल्यावर घंटा तीनदा वाजवायची रीत आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सातव्या पर्वात ही जागा दिसली आणि गर्दी इतकी वाढली की सीझनमध्ये आता आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते; ती फुकट असते. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे वरच्या रस्त्यापासून पुलापर्यंतचा तीव्र उतार. 241 पायऱ्या हे अर्धंच काम, खरी दमछाक परतीच्या चढावर. सोबत आई-बाबा असतील तर वरच्या कठड्यावरून बघून पुढे निघा, काही बिघडत नाही.

माझी तक्रार सहलींच्या वेळापत्रकाबद्दल आहे. गास्तेलुगाचेला दोन तास आणि गेर्निकाला जेमतेम पाऊण तास, हे गणित मला उलटं वाटतं. 26 एप्रिल 1937 रोजी, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन काँडोर लीजनच्या आणि इटालियन विमानांनी हे गाव जाळलं. त्यामुळे दगडी बोळ आणि जुने वाडे बघायला जाल तर निराश व्हाल. आजचं गाव बरंचसं नंतर उभारलेलं आहे. या हल्ल्यावरचं पिकासोचं ‘गेर्निका’ हे मूळ चित्रही इथे नाही, ते माद्रिदला. इथे भिंतीवर त्याची टाइल्समधली प्रतिकृती आहे. बघायचं ते सभागृह आणि त्याच्या आवारातला ओक. बिस्कायाचे (म्हणजे या प्रांताचे) अधिपती याच ओकखाली प्रजेचे हक्क पाळण्याची शपथ घ्यायचे. बॉम्बहल्ल्यातून दोन्ही वाचले. आजचं झाड मात्र 2015 मध्ये लावलेलं, तसं लहानच. जुन्या ओकचा वाळलेला बुंधा शेजारी खांबांच्या गोल मंडपात जपून ठेवलाय. आत एका दालनाचं अख्खं छत रंगीत काचेचं, त्यावर हाच ओक. त्याखाली मान वर करून उभं राहायला निवांत वेळ हवा. शांतता संग्रहालयाला वेगळा तास-दीड तास द्या.

बेर्मेओ हे मासेमारीचं चालतं बंदर, मुंडाका सर्फिंगवाल्यांचं. जेवायला यांतलं कुठलंही एक पुरे.

पूर्वेकडची वाट अंगाला सोपी. सारौत्स ते गेतारिया हा साधारण चार किलोमीटरचा समुद्राला लागून असलेला सपाट पदपथ, म्हाताऱ्यांनाही झेपणारा. गेतारियात आवर्जून पाहावं ते सान साल्वादोर चर्च. त्याची जमीन चक्क उतरती आहे, आत शिरलं की पाय आधी गोंधळतात; शिवाय त्याच्या पोटाखालून एक बोळ बंदराकडे उतरतो. मोहिमेचा म्होरक्या मॅगेलन वाटेत मारला गेल्यावर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून 1522 मध्ये अठरा माणसांनिशी ‘व्हिक्टोरिया’ जहाज परत आणणारा एल्कानो या गावचा. फॅशनवाला बालेन्सियागाही इथलाच, त्याचं संग्रहालय टेकडीवर आहे. दुपारी हॉटेलांबाहेर कोळशाच्या शेगड्यांवर आख्खे मासे भाजत असतात आणि सोबतची चाकोली ही इथली पांढरी वाइन पेल्यात उंचावरून ओततात. शाकाहाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावं, इथे सॅलडमध्येही ट्यूना निघतो. टॉर्तिया म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), मीठ लावून तळलेल्या गेर्निका मिरच्या आणि इदियासाबाल चीज यांवर पोट भरतं.

सुमायाला मी तरी पूर्वेकडच्या वाटेवर पहिला नंबर देईन. इत्सुरुन किनाऱ्याच्या कड्यात खडकांचे पातळ थर तिरके उभे आहेत आणि त्यांत सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीची, डायनोसॉर संपले तेव्हाची रेघही आहे. आपला सह्याद्री ज्या लाव्हातून झाला तोही साधारण त्याच काळातला. त्या विनाशात उल्केबरोबर दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती, यावर भूवैज्ञानिक अजून भांडतायत. इथे ओहोटीची वेळ बघूनच जा. भरतीत ते खडकांचे पट्टे पाण्याखाली असतात आणि तुम्ही नुसतेच एका छान किनाऱ्यावर उभे राहता.

गाडी नसली तरी अडत नाही. युस्कोत्रेन ही इथली स्थानिक रेल्वे बिल्बाओहून गेर्निका, मुंडाका, बेर्मेओला जाते आणि सान सेबास्तियानहून सारौत्स, सुमायाला. गेतारियाला स्टेशन नाही, तिथे बस. गास्तेलुगाचेलाही रेल्वे नाही, म्हणून गाडीविना पश्चिमेची वाट जरा जिकिरीची.

वाराचंही बघा. गेर्निकाचा बाजार आजही सोमवारीच भरतो, पण संग्रहालय त्या दिवशी बंद असतं, तेव्हा दोन्हींतलं एकच पदरी पडेल. आणि दिवसभर पाऊस सांगितला असेल (या किनाऱ्यावर तो कधीही येतो) तर गास्तेलुगाचे गाळून सरळ गेर्निकाची गाडी पकडा. सुमाया उघडीप मिळेल त्या दिवसासाठी ठेवा.