युनिव्हर्सल रिमोटच्या ‘लायसन्स’च्या नावाखाली आमचे 1,42,440 रुपये गेले

आधी आकडे लिहिते, मग बाकीचं. हब (रिमोटचा सिग्नल घेऊन टीव्ही, बॉक्सला पोचवणारी डबी) आणि रिमोटचे तीन सेट, प्रत्येकी 27,500, म्हणजे 82,500. प्रोग्रॅमिंग खोलीमागे 4,500, तीन खोल्यांचे 13,500. ‘सॉफ्टवेअर लायसन्स’ खोलीमागे वर्षाला 6,000, म्हणजे 18,000. वायरी आणि आयआर एमिटर (कपाटातल्या उपकरणांपुढे इन्फ्रारेड सिग्नल सोडणारे छोटे दिवे) 7,200. हे झाले 1,21,200. पुढच्या वर्षी लायसन्स रिन्युअल 18,000 आणि त्यावर ‘जीएसटी’ 3,240. एकूण 1,42,440. आमच्या रिमोटला लायसन्स नावाचं काही लागतच नाही आणि मशीन सगळ्या वापरलेल्या, हे आम्हाला वर्षभराने कळलं.

हे विकून बसवणारा माणूस नाशिकचाच. नाव टाकणार होते पण केस चालू आहे, वकिलांनी सक्त मनाई केलीय.

आमचं रो हाऊस आहे, खाली हॉल आणि सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची खोली, वर मुलांची खोली, तिन्हीकडे टीव्ही. हॉलमध्ये टीव्ही, ॲम्प्लिफायर, केबलचा बॉक्स आणि ॲमेझॉनची फायर स्टिक, म्हणजे टीपॉयवर चार रिमोट. अण्णांना नीट दिसत नाही, चुकून सोर्सचं बटण दाबलं जायचं आणि मग निळा स्क्रीन बघत बसायचे, कुणाला हाक मारायलाही संकोच वाटायचा त्यांना. हे मस्कतला असतात, मी ऑफिसात. त्यामुळे एकच रिमोट हवा, एक बटण दाबलं की टीव्ही, बॉक्स, आवाज सगळं आपोआप लागलं पाहिजे, एवढीच आमची गरज होती. ‘रिमोटला कुणी लाख रुपये घालतं का’ असं म्हणणाऱ्यांनी आधी म्हातारं माणूस घरात एकटं ठेवून बघावं. आणि दुसऱ्या एका डीलरने मोठ्या सिस्टिमचं कोटेशन 3,40,000 दिलं होतं, त्यापुढे याचा आकडा रास्तच वाटणार ना?

दिवाळी 2023 च्या तोंडावर तो आला. गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात ‘वहिनी’. सगळं समजावून सांगितलं, आणि सगळ्यात चीड याचीच येते की त्याने सांगितलेलं बरंचसं खरं होतं. इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही, लाकडी कपाटाच्या दारातूनही जात नाही, म्हणून प्रत्येक खोलीत हब आणि कपाटात एमिटर लागतो, खरं. फायर स्टिक इन्फ्रारेडवर चालत नाही, ब्लूटूथवर चालते, म्हणून साधा हजार रुपयांचा लर्निंग रिमोट (दुसऱ्या रिमोटचे इन्फ्रारेड कोड शिकून घेणारा) उपयोगाचा नाही, तेही खरं. कंट्रोल फोर, आरटीआय, यूआरसी अशा कंपन्यांच्या सिस्टिमचं मुख्य प्रोग्रॅमिंग डीलरकडच्या सॉफ्टवेअरनेच होतं, घरमालकाला त्यात फारसा हात घालता येत नाही, हेसुद्धा खरं, आणि काही ठिकाणी वार्षिक फी पण असते. त्याने फक्त ते सगळं उचलून आपल्या मालाला चिकटवलं. त्याने आम्हाला दिले लॉजिटेक कंपनीचे हार्मनी रिमोट. त्याचं ॲप फुकट, अकाउंट फुकट, घरातल्या माणसाने स्वतः सेट करायचं म्हणूनच बनवलेली वस्तू ती. आणि लॉजिटेकने एप्रिल 2021 मध्येच हार्मनी रिमोट बनवणं बंद केल्याचं जाहीर केलं होतं. आमच्या घरी ‘लेटेस्ट मॉडेल’ म्हणून आले 2023 च्या शेवटी.

आता तो क्षण. आजही रात्री आठवला की झोप लागत नाही. हॉलचा सेट उघडला, रिमोट चार्जिंगच्या स्टँडवर ठेवला, स्क्रीन लागला आणि त्यावर आलं ‘वॉच टाटा स्काय’. आमच्याकडे पहिल्यापासून केबल आहे, डिश कधी लावलीच नाही. आणि टाटा स्कायचं नाव जानेवारी 2022 मध्येच बदलून टाटा प्ले झालंय! म्हणजे हा रिमोट आधी कुणाच्या तरी घरात वापरला गेला होता आणि तोही बहुतेक नाव बदलायच्या आधी, हे त्या एका ओळीवर लिहिलेलं होतं, माझ्या डोळ्यासमोर, माझ्या हॉलमध्ये. मी विचारलं पण, गप्प नाही बसले. म्हटलं हे काय? तर हसून म्हणाला, ‘वहिनी तो कंपनीचा डेमो असतो, आता पुसून टाकतो’ आणि अर्ध्या मिनिटात पुसला. अण्णा शेजारी बसलेले, चहा झालेला, ॲडव्हान्सचे 60,000 आधीच गेलेले, त्याच्या माणसाने वायरी ओढायला कपाटाला भोकं पाडलेली. अशा वेळी एका माणसाला कुणी खोटारडा म्हणतं का? खोक्यावर छापलेल्या मजकुरावर दुसरं स्टिकर चिकटवलेलं होतं, त्यालाही ‘इंपोर्टचं आहे’ म्हणाला. इंपोर्ट केलेल्या पॅकवर इंपोर्टरचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापावी लागते, त्या स्टिकरवर त्यातलं एकही नव्हतं. तुमच्या घरी असं स्टिकर दिसलं तर तिथल्या तिथे नखाने खरवडून काढा, कुणाला काय वाटेल याचा विचार करू नका.

उरलेले 61,200 रोख मागितले, ‘ऑनलाइन घेतले तर टॅक्स लागेल’. मी हट्टाने यूपीआयवरच दिले, निदान तो पुरावा आज हातात आहे. रोख देऊच नका कुणाला. बिल म्हणून व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली, त्यावर जीएसटी नंबर नाही. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की दुकानदाराचं नाव लगेच दिसतं. हे सगळं मी नंतर शिकले.

काम पण धड नव्हतं. अण्णांच्या खोलीत बटण दाबलं की बॉक्स चालू व्हायचा आणि टीव्ही बंद. कारण त्याने टीव्हीला चालू-बंदचा एकच कोड दिला होता, तो उलटापालटा होतो. चालूचा वेगळा आणि बंदचा वेगळा कोड घातला की हा प्रकार थांबतो, पण आम्हाला सांगितलं ‘वहिनी, तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे’ आणि स्टॅबिलायझर घ्यायला लावत होता! तो नाही घेतला.

पुढची दिवाळी आली आणि तीनही रिमोट एकाच सकाळी मेले. स्क्रीनवर काही नाही. फोन केला तर म्हणाला लायसन्स संपलं असेल, रिन्युअल भरा. सणाचे दिवस, घरात पाहुणे, अण्णा हिरमुसलेले, जुने रिमोट कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये बिनसेलचे. 21,240 पाठवले आणि चहा होईपर्यंत सगळं पूर्ववत सुरू. तेव्हा वाटलं, चला, खरंच लायसन्स होतं. प्रत्यक्षात काय, की आमचे तिन्ही हब त्याच्या स्वतःच्या ईमेलच्या अकाउंटवर होते, त्याने तिथून आमची उपकरणं काढून सिंक केलं होतं आणि पैसे आल्यावर परत घातली. माझ्याच घराची चावी खिशात ठेवून मलाच भाडं मागत होता हा माणूस. म्हणून सांगते, रिमोट कुठल्याही कंपनीचा असो, अकाउंट तुमच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्याकडे, आणि डीलरवाली सिस्टिम असेल तर प्रोजेक्ट फाइल (सगळं प्रोग्रॅमिंग साठवलेली) काम संपल्यावर पेन ड्राइव्हवर मिळेल हे ॲडव्हान्स द्यायच्या आधी लिहून घ्या. तोंडी नको.

त्यानंतर केबलवाल्याने बॉक्स बदलून दिला. नवीन बॉक्स रिमोटमध्ये घालायला याने 8,500 मागितले. मी नाही म्हटलं, पावती मागितली, तर फोन उचलणं बंद, मग नंबरच बंद. दुकानावर गेले तर तिथे मोबाइल कव्हरवाला बसलेला. शेवटी भाचा आला इंजिनिअरिंगचा, त्याने हब रीसेट केले, माझ्या ईमेलवर फुकट अकाउंट काढलं आणि एका संध्याकाळी तिन्ही खोल्या लावून दिल्या, टीव्हीच्या चालू-बंदसकट. खर्च शून्य. कुठलंही लायसन्स कुणी मागितलं नाही.

आता आपल्या व्यवस्थेचं ऐका. चौकीत गेले तर पहिला प्रश्न, ‘मिस्टर कुठे आहेत?’ दुसरा, ‘वस्तू मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कसली मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे.’ एकाने ‘रिमोटला लाख रुपये?’ असं मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळी चौकी हसली. मी सांगतेय की वापरलेला माल नवा म्हणून विकला, नसलेल्या लायसन्सचे पैसे घेतले, नंबर नसताना जीएसटी घेतला, आणि ते सांगताहेत ऑनलाइन पैसे दिलेत तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले माणूस तुमच्या घरी आला होता, हे सायबर नाही, चौकीत जा. परत चौकी. मग तिथे चर्चा कसली, तर खरेदी 1 जुलै 2024 च्या आधीची म्हणून फसवणुकीचं जुनं कलम 420 लावायचं की रिन्युअल नंतरचं म्हणून नव्या संहितेचं 318. तासभर ऐकून घेतलं, लावलं यातलं एकही नाही! अर्जावर पोच द्यायलाही तयार नव्हते, ‘ठेवून जा’ म्हणे. मी उठलेच नाही, तेव्हा शिक्का मिळाला. अर्जाची दुसरी प्रत नेल्याशिवाय आणि त्यावर शिक्का घेतल्याशिवाय कुठल्याही सरकारी दारातून बाहेर पडू नका.

टॅक्सच्या ऑफिसात विचारलं, तर जीएसटी नंबर द्या म्हणाले. अहो, नंबर नाही हीच तर तक्रार आहे! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तर समोरची पार्टी रजिस्टर नाही, प्रतिसाद आला नाही, म्हणून तक्रार ‘निकाली’. कुणाच्या बाजूने निकाली? त्याचं यूपीआय ज्या बँक खात्याला जोडलेलं आहे त्या खात्याला पत्ता आहे, केवायसी आहे, पोलिसांनी बँकेला एक पत्र पाठवलं तर माणूस सापडतो. मला बँक तो पत्ता देत नाही, पोलिसांना देईल, आणि पोलीस मागत नाहीत. साध्या माणसाने जायचं कुठे? उद्या हाच माणूस दुसऱ्या गल्लीत नवं कार्ड छापून बसेल, आणि तो बसू शकतो कारण एका पानाचं पत्र लिहायला कुणाला वेळ नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय. तिथे 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि घटनेपासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं, त्यामुळे ‘बघू, बघू’ करत बसू नका. नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि आमचं घोडं सध्या तिथेच अडलंय, म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी दुकानाचा नाही तर माणसाचा पत्ता घ्या, आधारची प्रत मागा, राग आला तर येऊ दे त्याला.

भाच्याने सेटिंग करताना बघितलं, वरच्या खोलीच्या रिमोटमध्ये दुसऱ्याच कुणाच्या तरी ‘मास्टर बेडरूम’ची बटणं तशीच राहिलेली होती. म्हणजे आमच्याआधीही घरं आहेत आणि नंतरही असणार. नाशिकमध्ये कुणाच्या घरी हार्मनी लावून वर्षाला ‘लायसन्स’ मागितलं जात असेल तर पैसे पाठवू नका, हब रीसेट करून स्वतःच्या ईमेलवर घ्या, आणि पूर्वी भरले असतील तर त्या पेमेंटचा यूपीआय आयडी मला मेसेज करा. एकापेक्षा जास्त तक्रारदार असतील तर चौकीत पुन्हा जायची माझी तयारी आहे.