आठशे रुपयांचं ओबीडी स्कॅनर: पिकअप ओढत नव्हती तेव्हा किती कामाला आलं

आधी गाडीचं सांगतो, कारण त्याशिवाय ओबीडी स्कॅनरचं, म्हणजे गाडीच्या काँप्युटरमधल्या नोंदी वाचणाऱ्या यंत्राचं, कौतुक करण्यात अर्थ नाही. २०१७ ची बीएस-४ पिकअप, कॉमन रेल डिझेल, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). मीटरवर तीन लाख चाळीस हजार. काम तासगाव-सांगली पट्ट्यातलं: सीझनला द्राक्षं, नंतर बेदाणा कोल्ड स्टोरेजमधून मार्केट यार्डात, अधूनमधून पुण्याचं भाडं. रिकामी गाडी झकास पळायची आणि माल भरला की दम टाकायची. पुण्याहून बागेचे लोखंडी अँगल भरून येताना खंबाटकी घाट जी गाडी तिसऱ्यात चढायची, ती दुसऱ्यावर आली. मागे काळा धूर. आणि डॅशबोर्डवर चेक लाइटचा पत्ता नाही.

एका गॅरेजात नुसतं ऐकूनच निकाल लागला, 'टर्बो गेला, तीस हजार धरा.' दुसरीकडे डिझेलच्या नोझलवर बोट ठेवलं. बॉनेट दोघांनीही उघडलं नव्हतं. तीस हजार घालायचेच असतील तर आधी आठशे घालून बघू म्हणून ईएलएम ३२७ चिपचं ब्लूटूथवालं स्कॅनर मागवलं.

वस्तू म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी निळी डबी. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायची, मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप घ्यायचं, जोडणीचा पिन बहुधा १२३४. मूळ चिप कॅनडातल्या कंपनीची, पण या भावात मिळतात त्या सगळ्या नकला. काही नकला गाडीशी बोलतात, काही नुसताच दिवा लावून बसतात. माझी बोलली. आयफोनवाल्यांनी साधं ब्लूटूथ घेऊ नये, त्यांना वायफायवालं किंवा बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) लागतं.

पहिलीच कमाल म्हणजे लाइट नसताना बिघाडाचा कोड निघाला. पी ०२९९, टर्बोचं प्रेशर कमी. तो 'पेंडिंग' खात्यात पडून होता. बिघाड एका फेरीत दिसला की गाडीचा काँप्युटर त्याची नोंद ठेवतो, पुढच्या फेरीत परत दिसला तरच लाइट लावतो. माझी भरलेल्या फेरीनंतर रिकामी फेरी ठरलेली, म्हणून नोंद व्हायची आणि पुसली जायची.

आता इथे घाई करणारा माणूस 'टर्बो' एवढाच शब्द वाचतो आणि टर्बो बदलून मोकळा होतो. प्रेशर कमी आहे एवढंच कोड सांगतो. का कमी आहे ते आकड्यांवरून काढावं लागतं, आणि या डबीची खरी किंमत वसूल होते ती तिथे. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून इनटेकचं, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं, प्रेशर बघितलं: ९५ किलोपास्कल. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, तेव्हा हवेचा दाब एवढाच असायला हवा. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. (महाबळेश्वरला हाच आकडा ८६ च्या आसपास येईल, तिथे बघून घाबरू नका.) मग बेदाण्याचे बॉक्स भरून, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर. मोबाइल शेजारी बसलेल्या पुतण्याच्या हातात, चालवताना स्वतः स्क्रीनकडे बघायचं नाही. इनटेकचा आकडा १३० च्या वर जाईना. रेल प्रेशर, म्हणजे नोझलकडे जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर, मात्र हजार बारच्या पुढे धडधडत गेलं. डिझेल फिल्टर चोक असता किंवा पंप थकला असता तर नेमकं भरलेल्या गाडीवर रेल प्रेशर पडलं असतं आणि पी ००८७ (रेल प्रेशर कमी) हा कोड आला असता. म्हणजे डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. काळा धूरही तेच सांगत होता.

तेवढ्याच वेळात आणखी एक बघून घेतलं. गिअर न बदलता आरपीएम आणि स्पीड सोबत चढतात का? आरपीएम एकटाच पळाला तर क्लच प्लेट घसरतेय. आपल्या गाडीत दोन्ही सोबत चढत होते.

हे आकडे घेऊन मिरज रोडला एका डिझेल मिस्त्रींकडे गेलो. वयस्कर माणूस, डबीकडे बघितलंही नाही, आकडे तेवढे ऐकले. टर्बोचा पाइप काढून पंखा बोटाने हलवून बघितला. मग एअर फिल्टरकडचं तोंड झाकण लावून बंद केलं, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून बेताची हवा भरली आणि पाइपांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) रबरी होसच्या पोटाखालून फेस आला. चीर वरून दिसतच नव्हती, हवेचा जोर आला की तेवढ्यापुरती उघडायची.

"टर्बो बरा हाय की अण्णा. वारा बाहेर चाललाय नुसता."

होस, दोन क्लॅम्प आणि मजुरी मिळून अठराशे. ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या वाल्वमध्ये) काजळीचे थर होते, तेही साफ करून दिले, त्याचे वेगळे पाचशे. दुसऱ्या दिवशी तोच माल, तोच गिअर, इनटेक २१० पर्यंत गेलं.

डबीला पाचपैकी साडेतीन. दीड कापले कारण ॲपमधले आकडे थांबून थांबून येतात, आणि सॉकेटला करंट कायम असतो, त्यामुळे डबी तशीच खोचून चार-पाच दिवस गाडी उभी राहिली तर जुनी बॅटरी उतरते. काम झालं की काढून ग्लोव्हबॉक्समध्ये टाकायची. कॉम्प्रेशन कमी झालंय का, सायलेन्सरमधला कन्व्हर्टर चोक आहे का, हे तिला थेट कळत नाही. गाडी ओढत नाही ती ब्रेक जाम असल्यामुळे असेल तर तिच्यापेक्षा हात बरा: चालवून आल्यावर ड्रमजवळ हात न्या, एकच चाक तापलेलं सापडेल. आणि हो, कोड पुसायचं बटण आहे म्हणून मिस्त्रींना दाखवण्याआधी ते दाबू नका, होता तो पुरावाही जातो.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवाल्यांनी हे घेऊ नये, तिथे जोडायलाच काही नाही. बीएस-४ आणि पुढच्या डिझेलवाल्यांनी परत करायची मुदत बघूनच डबी विकत घ्यावी. आल्याबरोबर गाडीत लावा, इनटेक आणि रेल प्रेशर दोन्ही आकडे दिसतात का तपासा. नुसता आरपीएम दाखवत असेल तर मुदतीच्या आत परत पाठवा आणि दुसरी मागवा.