ओपनस्ट्रीटमॅप : सीमाभागातली नावे आणि वाटा नोंदवताना आलेला अनुभव

गेली चार वर्षे मी ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा वापरतो आहे आणि जवळजवळ तेवढाच काळ तो दुरुस्तही करतो आहे. त्यामुळे हे परीक्षण नुसत्या वापरकर्त्याचे नाही, त्यात राबणाऱ्याचेही आहे. माझा वावर बेळगाव शहर, खानापूर तालुका आणि चंदगडच्या बाजूची महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरची गावे एवढाच असल्याने जे लिहितो आहे ते याच टापूपुरते समजावे.

या नकाशाची सुरुवात 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी केली आणि 2006 मध्ये त्याचा सांभाळ करणारी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. कोणीही खाते उघडावे आणि आपल्याला माहीत असलेला रस्ता, विहीर, देऊळ किंवा शाळा नोंदवावी, अशी त्याची रचना आहे. इथे तुमची नोंद मंजूर करणारा वरचा साहेब कोणी नाही. बदल जतन केला की तो थेट मुख्य नकाशात जातो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत संकेतस्थळावर दिसूही लागतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला धास्तीच वाटली, कारण बिनतपासणीच्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवावा हे कळत नव्हते. तपासणी असते, पण ती बदलानंतर होते आणि सगळ्यांच्या देखत होते. या पद्धतीचे चांगले-वाईट दोन्ही अनुभव मी घेतले आहेत.

कामाची रीत समजून घ्यायला एक संध्याकाळ पुरते. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या आयडी या संपादन-साधनात मागे उपग्रहचित्र दिसते आणि त्यावर बिंदू व रेषा काढत जायचे असते. बिंदू, रेषा आणि त्यांना एकत्र बांधणारा संबंध, एवढ्या तीनच प्रकारांवर हा सगळा नकाशा उभा आहे. प्रत्येकाला टॅग जोडून ती वस्तू काय आहे ते सांगायचे, आणि शेवटी आपण काय बदलले व कशाच्या आधारे बदलले याच्या दोन ओळी लिहून ते पाठवायचे. अशा एका खेपेला चेंजसेट म्हणतात. प्रत्येक चेंजसेटला क्रमांक असतो, त्याखाली इतर स्वयंसेवक प्रश्न विचारू शकतात, आणि प्रत्येक रस्त्याचा, प्रत्येक बिंदूचा मागचा इतिहास कोणालाही उघडून पाहता येतो. दुसऱ्या कुठल्याही नकाशावरून नाव किंवा रेषा उचलायची नाही, हा नियम मात्र कडक आहे. हा साठा खुल्या परवान्याखाली असल्याने पराया माल त्यात मिसळला तर सगळ्यांचीच मेहनत अडचणीत येते. जे डोळ्यांनी पाहिले, पायांनी चालले, किंवा ज्या चित्रांना परवानगी आहे त्यांवर दिसले, तेवढेच नोंदवायचे.

या नियमातल्या ‘पाहिले’ या शब्दाला किती वजन आहे, हे मला माझ्याच चुकीतून कळले. माझे आजोळ खानापूर तालुक्यात आहे. तिथली भातशेती उपग्रहचित्रावर पाहत असताना गावाबाहेरून मुख्य रस्त्याला मिळणारी एक सरळ, पांढरट पट्टी मला दिसली. चित्र उन्हाळ्यातले होते, शेते मोकळी होती आणि ती पट्टी इतकी स्वच्छ दिसत होती की मी ती साधा गावरस्ता म्हणून काढली आणि दोन्ही टोके जोडून दिली. दहा-बारा दिवसांनी त्या चेंजसेटखाली एका अनोळखी स्वयंसेवकाने विचारले, ‘हा रस्ता आपण पावसाळ्यात पाहिला आहे का? या भागातल्या अशा रेषा बऱ्याचदा बैलगाडीच्या वाटा निघतात.’ मी मामांना फोन केला. ते म्हणाले, ‘अरे, ती पाणंद हाय की! मिरग बरसला की थितं बैल बी रुततात, गाडी कुठली जातीया?’ पुढच्या रविवारी मी स्वतः गेलो. पाणंदीच्या दोन्ही अंगांना घाणेरीचे कुंपण, मध्ये गुडघाभर खोल चाकोऱ्या, आणि अर्ध्या वाटेवर ओढ्याचे पाणी आडवे पसरलेले. परतल्यावर त्या रेषेचा प्रकार बदलून ती शेतवाट केली. अशा वाटांच्या टणकपणाच्या पाच प्रती ठरवलेल्या आहेत, त्यांतली शेवटची, म्हणजे मऊ मातीची, प्रत तिला दिली आणि ओढ्याच्या जागी पाण्यातून ओलांडायचा उतार नोंदवला. एखादा पेशंट घेऊन निघालेला ड्रायव्हर माझ्या त्या रेषेवर भरवसा ठेवून पाणंदीत शिरला असता, हा विचार अजूनही मनातून जात नाही. पण दोष सापडला तो दुसऱ्या कोणाला माझी नोंद वाचता आली आणि मला विचारता आले म्हणून, हेही तितकेच खरे आहे. छापील नकाशातली चूक अशी विचारायला येत नाही.

उपग्रहाला दिसत नाही असेही या तालुक्यात पुष्कळ आहे. भीमगड परिसराला 2011 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्या रानातल्या वस्त्यांना जोडणाऱ्या पायवाटा दाट झाडीखाली असल्याने वरून पाहिले तर नुसता हिरवा गालिचा दिसतो. तिथे फोनमधले जीपीएस चालू ठेवून वाट चालणे आणि ती नोंद नकाशात चढवणे, एवढाच मार्ग उरतो. ओढ्यावरचा साकव हा इथल्या माणसांचा पावसाळ्यातला एकमेव पूल असतो. तो नोंदवताना ‘पूल’ एवढेच लिहून भागत नाही. तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, त्यावरून दुचाकीही जात नाही, हे टॅगमध्ये स्पष्ट लिहावे लागते. उन्हाळ्यात लोक त्याच ओढ्याच्या पात्रातून जातात, तर ती वाट हंगामी म्हणून वेगळी दाखवावी लागते. टॅगच्या या पद्धतीत एवढे बारकावे बसतात, याबद्दल मला या नकाशाचे मनापासून कौतुक आहे.

आता नावांविषयी, कारण सीमाभागात नकाशा म्हटला की पहिला प्रश्न नावाचा येतो. सुरुवातीच्या महिन्यांत मी बेळगावभोवतीच्या काही गावांची रोमन लिपीतली नावे पुसून त्याजागी देवनागरी नावे लिहिली. हेतू वाईट नव्हता. आमच्या गावांची नावे आमच्या अक्षरांत दिसावीत एवढेच वाटत होते. दोनच दिवसांत एका कन्नड भाषक स्वयंसेवकाने तो बदल मागे घेतला आणि खाली नीट समजावून लिहिले की, मुख्य नावाच्या रकान्यात एका भाषेने दुसरीला बाजूला सारायचे नाही, कारण प्रत्येक भाषेच्या नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. मराठीचा रकाना ‘एमआर’ या संकेताने ओळखला जातो, कन्नडचा ‘केएन’ या संकेताने. मला राग आला, हे मान्य करतो. आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना नाव पुसले जाण्याची आठवण 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासूनची आहे आणि ती सहजासहजी शांत होत नाही. पण एक-दोन दिवसांनी मी त्या गावांच्या नोंदी पुन्हा उघडल्या तेव्हा पाहिले की त्या गृहस्थांनी माझी देवनागरी नावे टाकून दिली नव्हती. त्यांनी ती एकेक करून मराठीच्या रकान्यात हलवली होती आणि शेजारी कन्नड नावे भरली होती. तेव्हापासून मी याच पद्धतीने काम करतो. एका गावाच्या नोंदीत मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही नावे बसतात, जुन्या नावाला वेगळा रकाना आहे आणि गावकरी तोंडी वापरतात त्या नावालाही आहे. 1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. शहराच्या नोंदीत ते नाव आहे, जुने इंग्रजी नाव जुन्या नावांच्या रकान्यात आहे, आणि मराठीच्या रकान्यात बेळगाव आहे, कारण मराठीत आपण बेळगावच म्हणतो आणि लिहितो.

देवनागरी नावाचा उपयोग केवळ भावनेपुरता नाही. रोमन लिपीत ल आणि ळ यांतला भेद राहत नाही, त्यामुळे वाट सांगणारा फोनमधला आवाज बेळगुंदीचे बेलगुंदी आणि येळ्ळूरचे येल्लूर करून टाकतो. कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक ही दोन वेगळी गावे आहेत, पण इंग्रजी पाट्यांवर त्यांच्यापुढे ‘के. एच.’ आणि ‘बी. के.’ अशी नुसती अक्षरे येतात, आणि बाहेरगावच्या माणसाला त्यांतून काहीही बोध होत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा नियम असा आहे की नाव पूर्ण लिहावे, संक्षेप करू नये. मी दोन्ही कंग्राळींची पूर्ण नावे तपासून भरली, त्या दिवशी काहीतरी हातून झाल्यासारखे वाटले. शहरातल्या गल्ल्यांचेही तसेच आहे. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली ही नावे तिथे राहणाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांतला ‘गल्ली’ हा शब्द बदलून कोणी ‘स्ट्रीट’ लिहिले, तर तो पत्ता विचारत आलेल्या माणसाला कोपऱ्यावरचा दुकानदारही घर दाखवू शकणार नाही.

राज्यांच्या सीमेबद्दल मला वारंवार विचारले जाते, म्हणून थोडक्यात लिहितो. नकाशा आज प्रत्यक्षात ज्या राज्याचा कारभार चालतो त्याप्रमाणे रेषा दाखवतो. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निर्णय तिथेच व्हायचा आहे. रात्री बसून ती रेषा सरकवणाऱ्या उत्साही माणसांना माझी विनंती आहे की त्यांनी तेवढ्याच वेळात आपल्या गावातली एक गल्ली मराठी नावासह नोंदवावी. रेषा तासाभरात पूर्ववत होते, गल्ली राहते.

मोबाइलवर काम करायचे असेल तर स्ट्रीटकम्प्लीट हे अँड्रॉइडवरचे ॲप नवशिक्यांना सर्वांत सोपे पडते. चालता चालता ते समोरच्या जागेबद्दल प्रश्न विचारते: हा रस्ता डांबरी की सिमेंटचा, इथे दिवे आहेत का, हे दुकान किती वाजता उघडते. उत्तर दिले की नोंद होते, टॅग पाठ असण्याची गरज नाही. माझी बारावीतली भाची टिळकवाडीत शिकवणीला जाता-येता या ॲपवर रोज पाच-सहा उत्तरे देते. प्रवासासाठी मी ओएसएमअँड हे याच नकाशावर चालणारे ॲप वापरतो. त्यात नकाशावरच्या नावांची भाषा मराठी निवडता येते आणि रेंज नसतानाही नकाशा चालतो, आणि जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे जाताना या गोष्टीची किंमत कळते. आपल्या भागासाठी एक सूचना आवर्जून करतो. हे ॲप भारताचे नकाशे राज्यवार देते. आपल्याला शिनोळीवरून चंदगडला जायचे असेल तर कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन्ही फायली उतरवून ठेवाव्यात, नाही तर सीमा ओलांडताच पुढचे रस्ते विरळ होऊन जातात.

उणिवाही सांगायला हव्यात. दुकाने, दवाखाने, खानावळी यांची माहिती शहरातही तुटपुंजी आहे आणि जी आहे ती कधी शिळी निघते. दुकान बंद पडले तरी कोणी खोडत नाही तोवर ते नकाशावर उघडेच असते. घरांचे क्रमांक जवळजवळ नाहीत. रस्त्यावर आत्ता गर्दी किती आहे हे हा नकाशा सांगत नाही, म्हणून टिळकवाडीतले रेल्वे फाटक बंद असताना मागे लागलेली रांग त्याला माहीत नसते. मदतीची पाने बहुतेक इंग्रजीत आहेत आणि पन्नाशीच्या पुढच्या ज्या माणसांना आपल्या शिवाराची खडान्‌खडा माहिती आहे, तीच माणसे त्यामुळे या कामापासून दूर राहतात. माझ्या मते ही सर्वांत मोठी उणीव आहे. शिवाय आपल्याकडे नकाशा दुरुस्त करणारे थोडे आहेत. युरोपातल्या एखाद्या शहरात चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी दुरुस्त होत असेल, पण आपल्या तालुक्यात ती वर्षभरही तशीच राहू शकते. माझ्या पाणंदीकडे कोणाचे लक्ष गेले, हा नशिबाचा भाग होता.

तरीही मी हे काम सोडलेले नाही. गूगलने 2008 साली मॅप मेकर सुरू केले होते आणि भारतातल्या असंख्य लोकांनी त्यात आपल्या गावचे रस्ते भरले. 2017 मध्ये ती सेवा बंद झाली. भरलेली माहिती कंपनीच्या नकाशात राहिली, पण भरणाऱ्यांना ती उचलून दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. ओपनस्ट्रीटमॅपचा संपूर्ण साठा कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि श्रेय देऊन वापरू शकतो. खानापुरातल्या एखाद्या शाळेला आपल्या केंद्रातल्या गावांचा मराठी नावांचा नकाशा छापून भिंतीवर लावायचा असेल, तर त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी तो लावला आहे. त्यांच्या चौथीच्या वर्गातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी दोन विहिरी आणि एक म्हसोबा राहिल्याचे दाखवून दिले. विहिरी मी जाऊन पाहिल्या आणि चढवल्या. म्हसोबा ओढ्यापलीकडे आहे, पाणी उतरल्यावर दिवाळीच्या सुटीत त्याच मुलांना घेऊन तिकडे जायचे ठरले आहे.