दिसण्यासाठी की ताकदीसाठी?

आरशासाठी व्यायाम करणारा जोमाने सुरुवात करतो, आणि त्यात गैर काहीच नाही. पण पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था सरावते म्हणून. स्नायूंचा आकार मागाहून वाढतो. आरशात फरक दिसत नाही आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. ताकदीसाठी करणाऱ्याला मात्र तेव्हाच पावती मिळते: सुरुवातीला आठव्या वेळी हात थरथरवणारं डंबेल आता बाराव्यांदाही उचललं जातं, जिना चढताना मांड्या भरून येत नाहीत. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, म्हणून व्यायामासाठी मला ताकद हेच कारण जास्त टिकाऊ वाटतं. वजनं उचलून बायका पुरुषी दिसतील ही भीती तर मनातून काढूनच टाका. तसं पिळदार शरीर वर्षानुवर्षांच्या कष्टांशिवाय होत नाही.