रोबोकॉनचा बेस: मेगा, ईएसपी३२ की न्यूक्लिओ?

रोबोकॉनचं, म्हणजे कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेचं, नियमपुस्तक हाती पडलं की ज्युनियर मुलं येतात. "दादा, मेगा पुरत नाही, मोठा कंट्रोलर कुठला घेऊ?" आणि रोबोटचा मेंदू असलेल्या या बोर्डांचे मेगाहर्ट्झ लगेच मोजायला बसतात. मेगा २५६० चे १६, न्यूक्लिओ एफ४४६आरईचे १८०, ईएसपी३२ चे २४०, टीन्सी ४.१ चे तब्बल ६००. एवढ्यावरच ठरवायचं तर टीन्सी घ्या आणि मोकळे व्हा. पण रोबोट अडतो तो दुसरीकडेच. चाक किती फिरलं ते सांगणाऱ्या एन्कोडरचे पल्स मोजतंय कोण, तिथे.

एकदा कागदावर हिशेब मांडा. बहुतेक टीमकडे असतो तो ६०० पीपीआरचा (एका फेऱ्याला ६०० पल्स देणारा) एन्कोडर. त्याच्या दोन्ही चॅनेलच्या सगळ्या कडा, म्हणजे पल्सचे चढ-उतार, धरल्या तर चाकाच्या एका फेऱ्याला २४०० काउंट. ५८ मिमी व्यासाचं डेड व्हील (मोटर नसलेलं, फक्त अंतर मोजणारं चाक) असेल तर परीघ सुमारे १८२ मिमी. रोबोट सेकंदाला ३ मीटर पळाला की चाकाचे साडेसोळा फेरे, म्हणजे जवळपास ४०,००० काउंट. समांतर दोन चाकं धरली तर सेकंदाला ८०,००० इंटरप्ट (हातातलं काम थांबवून पल्स मोजायला लावणारे इशारे). मेगाकडे सेकंदाला १ कोटी ६० लाख सायकल (प्रोसेसरच्या कामाचे ठोके) आहेत, म्हणजे एका इंटरप्टच्या वाट्याला २००. आत शिरणं, बाहेर पडणं आणि मध्ये दोन डिजिटलरीड (पिन वाचायच्या आज्ञा) यातच त्या बहुतेक संपतात. पीआयडी (मोटरची चूक सतत दुरुस्त करणारा हिशेब) चालवायचा कधी?

आमचा रोबोट सरावात संथ चालवला की टेपवर बरोब्बर थांबायचा आणि फुल स्पीडला वीतभर डावीकडे जायचा. दोन रात्री आम्ही पीआयडीचे आकडे बदलत बसलो. शेवटी एकाने खडूने ५ मीटरवर खूण केली आणि बेस हाताने ढकलत नेला. आकडा अचूक आला. तेच अंतर मोटरने कापलं तर काउंट कमी! पीआयडी बिचारा निर्दोष होता, पल्सच गळत होते.

मेगाची दुसरी अडचण पिनांची. बाह्य इंटरप्टच्या पिना सहा: २, ३, १८, १९, २० आणि २१. तीन एन्कोडर लावले की सहाही गेल्या, आणि २० व २१ याच आयटूसीच्याही (सेन्सर जोडायच्या दोन तारांच्या) पिना. मग आयएमयू (रोबोट किती वळला ते सांगणारा सेन्सर) लावायचा कुठे? तरी मेगा फेकून देऊ नका. पाच व्होल्टचा आहे, सोशिक आहे, पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतो. न्यूमॅटिक (हवेच्या दाबाचे) व्हॉल्व्ह आणि लिमिट स्विच (भाग टोकाला पोचला की दाबले जाणारे) सांभाळायला तो पुरून उरतो.

ईएसपी३२ मध्ये पल्स मोजायला वेगळं हार्डवेअर आहे, आठ युनिट. प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. शिवाय क्लासिक ब्लूटूथ असल्याने पीएस४ चा जॉयस्टिक थेट जोडता येतो. इथे एक सावधगिरी: नवा म्हणून ईएसपी३२-एस३ घेऊ नका, त्यात क्लासिक ब्लूटूथ नाही आणि मोजणीची युनिटही चारच. ईएसपी३२ च्या खोड्या मात्र बऱ्याच. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट, तेही आतल्या पुलअपशिवाय (मोकळी पिन हाय ठेवणाऱ्या रेझिस्टरशिवाय). वायफाय चालू असताना एडीसी२ (व्होल्टेज मोजणाऱ्या पिनांचा दुसरा गट) वापरता येत नाही. आणि पिन १२ सुरू होताना हाय राहिली तर बोर्ड सहसा बूटच होत नाही. तिथे लिमिट स्विच लावलात तर आर्म एका जागी असताना रोबोट उठेल, दुसऱ्या जागी असताना मख्ख बसेल.

न्यूक्लिओ एफ४४६आरईचे सहा टायमर (चिपमधले मोजणी करणारे भाग) एन्कोडर मोडमध्ये चालतात, म्हणजे पल्स स्वतःच मोजतात. त्यातले दोन ३२ बिटचे, उरलेले १६ बिटचे. १६ बिटचा टायमर ६५,५३६ ला गुंडाळतो, म्हणजे मोजणी पुन्हा शून्यापासून; आधी हिशेब केलेल्या चाकावर साधारण ५ मीटरला. दर वेळी आधीच्या आकड्यापासूनचा फरक साइन्ड (ऋण आकडेही धरणाऱ्या) १६ बिटमध्ये घेतला की प्रश्न मिटतो. बऱ्याच पिना पाच व्होल्ट सोसतात, बोर्डांना आपसात बोलायला कॅनच्या जोडण्या दोन आहेत (त्यांची ट्रान्सीव्हर चिप वेगळी लावा) आणि डीबगर बोर्डवरच आहे. रोबोट चालू असताना व्हेरिएबल डोळ्यांसमोर बदलताना दिसतं, हे सुख एकदा चाखलं की सिरियल प्रिंटकडे परत जावंसं वाटत नाही. किंमत मोजायची ती शिकण्यात. क्यूबआयडीई (न्यूक्लिओचा प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) हाताशी बसायला महिना धरा. ऑगस्टमध्ये सुरू केलंत तर ठीक. स्पर्धेला सहा आठवडे उरले असतील तर ईएसपी३२ वरच थांबा.

टीन्सी उत्तमच आहे, पण पिना ३.३ व्होल्टच्या वर काहीच सोसत नाहीत. महागही आहे, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी जळला तर ईएसपी३२ सारखा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिल्या दुकानात मिळेल याची खात्री नाही. ब्लू पिल (एसटीएम३२ चिपचा छोटा बोर्ड) स्वस्त, पण रॅम २० केबी, यूएसबी आणि कॅन एकत्र चालत नाहीत, वर नकली चिपचा ताप. रास्पबेरी पाय फक्त कॅमेऱ्यासाठी.

माझं मत विचाराल तर बेसला न्यूक्लिओ, जॉयस्टिकला ईएसपी३२, मेकॅनिझमला मेगा. कारण खेळ दर वर्षी बदलतो. २००८ साली पुण्यात दहीहंडी होती, २०१४ ला पुण्यातच पालक रोबोट पिल्लू रोबोटला सीसॉवर आणि झोक्यावर नेत होता. मेकॅनिझम भंगारात जातं, बेस तोच राहतो. पैसा आणि डोकं तिथे घाला.

स्वतःचा बोर्ड करायचाच असेल तर चिप सोल्डर करत बसू नका. न्यूक्लिओ जसाच्या तसा वर बसेल असा कॅरिअर बोर्ड करा. त्यावर लॉकवाले कनेक्टर घ्या, जंपर वायर एकही नको. सर्व्होचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) लॉजिकपासून, म्हणजे कंट्रोलरच्या पुरवठ्यापासून, वेगळा ठेवा. नियम परवानगी देत असतील तर इमर्जन्सी स्टॉपने मोटरचा पुरवठा तुटू दे, लॉजिकचा चालू राहू दे. रोबोट कुठे उभा आहे हे तो विसरणार नाही. आणि बोर्ड दोन बनवा, दोन्ही एकाच दिवशी तपासून.