आरव्हीत कायमचं राहायला जाताय? सामान विकायचं, स्टोरेजमध्ये ठेवायचं की नातेवाइकांकडे?

भरलेलं घर रिकामं करून आरव्हीत, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत राहायला जायचं तर सामानाचं काय करायचं याला मुळात तीनच रस्ते आहेत. सगळं विकून-वाटून मोकळं व्हायचं, भाड्याच्या स्टोरेज युनिटमध्ये कुलूप लावून ठेवायचं, नाहीतर भावा-बहिणीच्या नाहीतर आईवडिलांच्या घरी ठेवून द्यायचं. बहुतेक लोक तिन्हींची खिचडी करतात आणि त्यात काही चूक नाही, पण कुठली वस्तू कुठल्या रस्त्याने जायची हे ठरवताना लोक वस्तूकडे बघत बसतात, किती छान आहे, किती महाग होती, कोणी दिली होती वगैरे. माझ्या मते आधी स्वतःला विचारायचं की आपण परत घरात राहायला कधी येणार. तारीख सांगता येत असेल, अगदी अंदाजे का होईना, तर ठेवण्यात अर्थ आहे, आणि "बघू पुढे" असं उत्तर येत असेल तर फर्निचर, भांडी, इलेक्ट्रॉनिक्स यातलं काहीही भाडं भरून सांभाळू नका.

विकणं आणि स्टोरेज

यात एक साधा हिशेब घरी बसून करता येतो. जे ठेवायचा विचार आहे तेच सगळं उद्या सेकंडहँड विकत घ्यायला गेलात तर किती पैसे पडतील ते लिहा, नव्याची किंमत नको, सेकंडहँडचीच. त्याला स्टोरेजच्या महिन्याच्या भाड्याने भागा. जो आकडा येईल तितक्या महिन्यांनी तुम्ही तुमचंच सामान एकदा परत विकत घेतलेलं असेल. सोफा, गाद्या, कपाटं, टीव्ही असल्या गोष्टींना हा आकडा लोकांना वाटतो त्याच्यापेक्षा खूपच लहान येतो, त्यात दोन्ही वेळची सामान हलवायची मजुरी धरली तर आणखी लहान.

आणि बंद खोलीत सामान जसंच्या तसं राहतं हेही खरं नाही. तापमान आणि ओल सांभाळणारं युनिट नसेल तर लाकूड फुगतं नि आक्रसतं, गादीला कुबट वास लागतो, फोटो एकमेकांना चिकटतात, विनाइल रेकॉर्ड उन्हाळ्यात वाकतात. फ्रिज ठेवायचाच असेल तर पूर्ण कोरडा करून दार थोडं उघडं ठेवून ठेवावा लागतो नाहीतर आतून बुरशी धरते. लिथियम बॅटरीवाली हत्यारं किंवा लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, साधारण अर्धं चार्ज ठेवा. गॅस सिलिंडर, रंग, पेट्रोल असलं ज्वलनशील काही बहुतेक करारांमध्ये चालतच नाही. करार सही करायच्या आधी दोन गोष्टी नक्की वाचा, भाडं थकलं तर सामानाचा लिलाव किती दिवसांनी करतात, आणि विमा कोणाचा आहे नि त्यात काय येत नाही. तुम्ही कुठेतरी डोंगरात, नेटवर्क नाही, कार्ड एक्स्पायर झालं म्हणून ऑटोपे गेलं नाही, अशी वेळ फिरतीवर असणाऱ्याला येऊ शकते म्हणून भाडं आगाऊ भरता येतं का ते विचारा.

मग स्टोरेज कुणासाठी चांगलं? ज्यांनी आरव्हीत सलग काही महिने काढलेलेच नाहीत त्यांच्यासाठी, आणि हे मी अगदी मनापासून सांगते. सुट्टीत पंधरा दिवस फिरून येणं वेगळं आणि पावसात, थंडीत, आजारपणात त्याच चार भिंतींत राहणं वेगळं. अशा वेळी पहिल्या वर्षासाठी लहानात लहान युनिट घ्या, त्यात फक्त जे परत मिळणार नाही किंवा परत घ्यायला खरंच महाग पडेल तेवढंच ठेवा, आणि कॅलेंडरवर त्याची शेवटची तारीख टाका. याउलट ज्यांनी हे आयुष्य आधीच काही काळ जगून बघितलंय आणि घर पण विकलंय त्यांनी स्टोरेजच्या वाटेला जाऊच नये.

नातेवाइकांकडे ठेवणं

फुकट आहे, सामान घरातल्या हवेत राहतं, कोणीतरी अधूनमधून बघतं, हे सगळं चांगलंच. पण ते जागा देतात तेव्हा "सहा महिने" असं ऐकलेलं असतं आणि तुम्ही मनात दोन वर्षं धरलेली असतात, तिथे नात्यात खडा पडतो. त्यांना घर बदलायचं झालं, खोली मुलाला द्यायची झाली, पोटमाळ्यावर गळती झाली तर तुम्ही हजार किलोमीटरवर असता. म्हणून इथे खोकी मोजून द्या, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहा, यादीचा फोटो दोघांकडे ठेवा आणि "या तारखेनंतर तुला हवं ते कर, मी विचारणार नाही" असं स्पष्ट सांगून टाका. मोठं फर्निचर तर ठेवायला देण्यापेक्षा वापरायलाच देऊन टाकलेलं बरं, टेबल वापरात राहतं आणि त्यांच्यावर ओझंही नाही.

घर स्वतःचं असेल आणि विकायचं नसेल तर चौथा रस्ता म्हणजे सामानासकट भाड्याने देणं. झीज होणार हे धरून चाला, एक कपाट किंवा लहान खोली स्वतःसाठी कुलूपबंद ठेवा आणि ते भाडेकरारात लिहून घ्या.

एका झटक्यात की हळूहळू

एका झटक्यात केलं तर मन डगमगायला वेळ मिळत नाही आणि काम संपतं, पण शेवटच्या आठवड्यात विकायला काढलेल्या वस्तूला घेणारा म्हणेल तोच भाव, कारण तुम्हाला घाई आहे हे त्याला दिसतं. हळूहळू केलं तर भाव बरा येतो, मोठं लाकडी फर्निचर तर लवकर जातच नाही त्याला महिने लागतात, पण मग निर्णयांचा थकवा येतो आणि घर अर्धवट उपसलेलं राहतं. मला विचाराल तर मोठं आणि महाग आधी हळूहळू, बारीकसारीक शेवटी झटक्यात. आणि फोटो, पत्रं, लहानपणीच्या वस्तू यांना सुरुवातीला हातच लावू नका, त्यात एक दुपार जाते आणि एक खोकं पण रिकामं होत नाही. बाथरूम, औषधांचा कप्पा, चादरी-टॉवेल इथून सुरू करा, तिथे निर्णय सोपे असतात आणि हात बसतो.

जागा की वजन

हा भाग नीट वाचा कारण बाकी सगळ्या चुका पैशात भरून निघतात, ही रस्त्यावर येते. आरव्हीत कप्पे भरपूर असतात, म्हणून लोक मावतंय म्हणून भरत जातात. पण गाडीचं कमाल मान्य वजन ठरलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं तेवढंच तुमचं. आणि त्या उरलेल्यात फक्त कपडे-भांडी नाही तर माणसं, कुत्रं, पाणी, गॅस, नंतर बसवलेलं सोलर पॅनेल, छत्रीवजा ऑनिंग सगळं आलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो तिथेच गेले, आणि वापरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत जाऊन बसतं म्हणजे ती रिकामी करेपर्यंत वजन गाडीतच. पुस्तकांचं एक मध्यम खोकं सहज १५ किलोच्या वर जातं. शिवाय घरात कधीच नव्हतं असं सामान नव्याने येतं, पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, जाड वायर, गाडी समतल करायचे ठोकळे, चाकांची हत्यारं, टायरचं प्रेशर बघायचं मीटर.

ट्रेलर, म्हणजे दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढायची आरव्ही असेल तर वजन किती याच्याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही बघावं लागतं. ओढायच्या साध्या ट्रेलरला हुकवर एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार यावा असं धरतात, मागे जास्त भरलं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि तो सावरणं अवघड असतं. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसपास, वरच्या कप्प्यांत फक्त हलकं. म्हणून निघायच्या आधी पूर्ण भरून, टाकीत नेहमी ठेवाल तेवढं पाणी घालून, सगळी माणसं बसवून वजनकाट्यावर न्या आणि पुढचं-मागचं ॲक्सल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीवरचा भार, वेगळं मोजून घ्या. एकूण वजन बसतं पण एकाच ॲक्सलवर जास्त होतं असं होऊ शकतं, आणि टायर फुटतो तो त्याच ठिकाणचा.

कधी कधी सामान कमी न करता वजन कमी होतं. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी २५ ते ३० किलोची असते, तेवढ्याच क्षमतेची लिथियम त्याच्या अर्ध्याहूनही कमी, आणि तिच्यातली वापरता येणारी वीजही जास्त. महाग आहे खरं, पण दोन बॅटऱ्या असतील तर ३० किलोच्या आसपास सुटतात.

स्वयंपाकघर

इथे सगळ्यांचा जीव अडकतो. मोठा बिडाचा तवा एकटाच साडेतीन किलोच्या आसपास भरतो, तो रोज वापरत असाल तर न्याच, दुसरी तीन भांडी सोडा पण तो न्या. उलट कमी वापराची भांडी असतील तर एकात एक बसणारा, दांडा निघणारा सेट घ्या, चार पातेली एका पातेल्याच्या जागेत जातात. काय लागतं ते आठवून ठरवू नका. ओट्याखालचं सगळं एका मोठ्या खोक्यात भरा, लागेल तसं काढा, वापरलेलं परत खोक्यात न टाकता ड्रॉवरमध्ये ठेवा. महिन्याभराने ड्रॉवरमध्ये जे असेल तीच तुमची आरव्हीची यादी, चिमटा, एक सुरी, दोन डाव, चाळणी, त्यापुढे फार जात नाही.

फोटो आणि कागद

फोटो स्कॅन करणं विरुद्ध अल्बम नेणं यात स्कॅन जिंकतं, फक्त नीट करा. त्याच आकारात परत छापायचे असतील तर ३०० डीपीआय (दर इंचाला किती ठिपके ते माप) चालतं, मोठे करायचे असतील तर ६००, निगेटिव्ह आणि स्लाइडला २४०० च्या पुढे लागतं. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक गाडीबाहेर, कारण गाडी चोरीला गेली किंवा जळली तर त्यातली हार्डडिस्कही गेली. निवडक वीस-पंचवीस मूळ फोटो पाकिटात ठेवायला हरकत नाही, त्याला वजन नाही.

कागदांचं मात्र उलट. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, मालमत्तेचे कागद, मृत्युपत्र यांचं स्कॅन सोबत असू द्या पण मूळ प्रत लागतेच, ती बँकेच्या लॉकरमध्ये किंवा एका विश्वासू माणसाकडे. पासपोर्ट, लायसन्स, गाडीचे कागद आगीपासून वाचवणाऱ्या पिशवीत गाडीत. सामान आवरायच्या आधीच टपाल कुठल्या पत्त्यावर येणार, बँक, विमा, लायसन्स यांना कुठला पत्ता देणार हे ठरवून टाका, घर गेल्यावर हे करणं फार त्रासाचं होतं.

जोडीने जाणार असाल तर एकमेकांच्या वस्तूंवर निकाल देऊ नका. मावतं किती ते वजनात वाटून घ्या, समजा प्रत्येकाला ४० किलो वैयक्तिक, त्यात कोणी गिटार नेईल, कोणी शिवणयंत्र, कोणी रंगांचा खोका. आपल्या वाट्याचे किलो ज्याचे त्याने कसे वापरायचे ते ठरवावं, दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. ज्या घरांत सामानावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात तिथे हा एक नियम बाकी कशाहीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.